दरवाज्यातून डावीकडं

आपल्या गावाची बढाई पुणेरी मेव्हण्यासमोर मारू नये, हे मला उशिरा कळलं. जेवताना सहज बोलून गेलो, "आमचं बावन्न दरवाज्यांचं शहर!" झालं. रविवारी सकाळी पठ्ठ्या गळ्यात कॅमेरा अडकवून हजर. "चला दाजी, दाखवा."

शहागंजच्या मागं एक दरवाजा आहे, असं लहानपणापासून ऐकत आलोय. तासभर गल्ल्या तुडवल्या, सापडेना. मेव्हणा नुसता गालात हसत होता. शेवटी एका अत्तरवाल्या चाचांना विचारलं.

"सीधे जाव. दरवाजे पे रिक्षा खडे रहते, वहींच."

गेलो. रिक्षा होत्या, उसाचा चरक होता, दरवाजा तेवढा नव्हता. एका रिक्षावाल्याला म्हटलं, "दरवाजा कुठंय?"

"ह्यो काय, दरवाज्यातच तर उभे हाव!"

"अरे, पण दिसत नाही."

"दिसंल कसा? पडून लई वर्षं झाली."

मेव्हणा भडकला. "मग त्या चाचांनी आम्हाला इकडं पाठवलं कशाला?"

"तुम्ही रस्ता इचारला असंल. दरवाजा हाय का नाय, ते इचारलं व्हतं का?"

मेव्हण्यानं शांतपणे त्या मोकळ्या हवेचा फोटो काढला. बावन्नातला पहिला. तेवढ्यात पिशवी घेतलेले एक गृहस्थ त्याच्यापाशीच आले. "भाऊ, फुलंब्रीहून आलोय. कापडाची दुकानं कुठं हायती?"

दुकानं आम्ही येताना पाहिली होती. माझ्याकडं बघत मेव्हणा म्हणाला, "ह्या दरवाज्यातून डावीकडं."

आणि ते गृहस्थ बरोब्बर डावीकडं वळले की हो!