पेल्यावरचं तिसरं अक्षर

१७५२ सालच्या बोस्टनमध्ये, मंगळवारी सकाळी नऊ वाजता, मेहिटेबल वाकलेला चमचा घेऊन चांदीकार टिलीच्या दुकानात रांगेला लागली. पुढे तिचा होणारा नवरा, कॅप्टन डोन, पाठमोरा उभा होता.

"पेल्यावरचं बायकोचं अक्षर खरवड, टिली. मेहिटेबलचा एम घाल."

"परवा परवा तर सुझॅनाबाईंचा एस घातला, कॅप्टनसाहेब."

"सुझॅना गेली."

"त्याआधी डी होता."

"तीही गेली."

"चांदी पार झिजलीय. एम कोरून पुन्हा खरवडायची वेळ आली, तर भोक पडेल."

"मग कोरू नकोस. नुसता आखून ठेव. हिवाळा जाऊ दे."

वळताना ती दिसली, तशी कॅप्टनने टोपी काढली आणि तो निघून गेला.

"चमचा सरळ करायचा ना, बाई?"

"हो. आणि त्यावर माझं माहेरचं नाव कोरा. खोल."

"लग्न गुरुवारी ना?"

"खोल कोरा."

बुधवारी संध्याकाळी चमचा तयार होता. पेल्यावर एम नुसता आखलेला होता.