मुकादम जोडीच नेतो

तुम्ही म्हणता गणित सगळीकडं सारखंच असतं. मग ऐका. शिरूर कासारला बारावीला संभाव्यता शिकवत होतो. त्या साली पावसानं दडी मारलेली. फळ्यावर घातलं: सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला नवरा जायची शक्यता निम्मी, बायकोची निम्मी. दोघं जायची किती?

वर्गानं गुणाकार करून पाव सांगितलं. सुनीता म्हणाली, "निम्मीच, सर."

मी चिडलो. "कावून?"

"मुकादम जोडीच नेतो. नवरा गेला की बायको गेलीच."

बिनतोड होतं. मी गडबडीत पुढचं विचारलं, "बरं, दोघं गेल्यावर पोरगी वर्गात असायची शक्यता?"

"आजी घरी असली तर एक, न्हाई तर शून्य," ती म्हणाली. "आमची आजी पोळ्याला वारली, सर."