हेडमास्तर रिटायर झाले त्याची गोष्ट

...अहो, गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत असावं काही? बावीस वर्षं मी मोटरसायकलींच्या शर्यतीत सातव्या वळणावर झेंडा घेऊन उभा राहिलोय, पण यंदा त्या नव्या डांबरावर पाऊल ठेवलं आणि मला वाटलं, चुकून कुणाच्या तरी दिवाणखान्यात शिरलो, चपला बाहेर काढायच्या राहिल्या! वर तो इंजिनिअर म्हणतो कसा, "काका, आता बघा, खेळ कुठल्या कुठे जाईल!" म्हटलं, जाईल ना बाबा, खेळच जाईल!

तुम्हाला सांगतो, त्या वळणाच्या तोंडाशी एक उंचवटा होता. जुना, मुरलेला. आम्ही त्याला हेडमास्तर म्हणायचो, कारण भलेभले तिथे मान खाली घालून, वेग कमी करून, शिस्तीत जायचे. जो नाही गेला तो थेट कडेच्या वाळूत! आणि सगळी गंमत तिथेच होती हो! मागचा पुढे, पुढचा मागे, प्रेक्षक खुर्चीवर उभे... तो हेडमास्तर यांनी खरवडला आणि वर डांबर ओतलं. आता सगळे एका ओळीत, सहलीला निघाल्यासारखे! ही काय शर्यत झाली? मी खेळाबद्दल बोलतोय हं, मुलीबद्दल नाही.

मुलगी म्हणजे माझीच. तीही या शर्यतीत गाडी पळवते. मागच्या वर्षी हेडमास्तरांनी तिला उचलून फेकलं, खांद्याचं हाड मोडलं, आणि मी दहा पावलांवर! हातात पिवळा झेंडा. कुणी पडलं की पिवळा दाखवायचा, म्हणजे मागच्यांनी सावकाश यायचं आणि कुणी कुणाला ओलांडायचं नाही. आणि झेंडेवाल्याने जागा सोडायची नाही, हा नियम! पोरगी तिथे कळवळतेय आणि मी इथे झेंडा हलवतोय... दोन महिने आमची ही माझं ताट आपटून वाढत होती. "तुमच्या डोळ्यांदेखत पडली!" अहो, डोळ्यांनी धरता येतं का कुणाला? शेवटी हिने ठणकावलं, "आता एकच संधी. परत पडली तर गाडी भंगारात!" आणि पोरगी म्हणते, "आई, या वेळी कप घेऊनच येते." दोघींच्या मध्ये मी. पण ते असू द्या, मी खेळाबद्दल बोलतोय.

तर रविवारी शर्यत सुटली. आणि काय सांगू, पहिल्या फेरीपासून सगळे जुने खेळाडू त्या जागी आले की मान खाली, वेग कमी! अहो, हेडमास्तर गेले, वर्ग रिकामा आहे, तरी तुम्ही कुणाला घाबरताय? अकरा फेऱ्या हाच प्रकार. मला हसू आवरेना.

शेवटची फेरी. आमची चौथी. तिसऱ्याला कप असतो, चौथ्याला नुसत्या टाळ्या. तिसरा तिच्या पुढे, त्याने सवयीने वेग कमी केला... आणि पोरीने केलाच नाही! तिला एकटीला आठवलं की उंचवटा आता नाही. इंजिनाचा आवाज चढतोय, ती त्याच्या बरोबरीला आली, आणि मला वाटलं, आता उडणार! आणि काय झालं, मला कळलंच नाही हो... माझा हात वर. हातात पिवळा झेंडा!

कुणी पडलेलं नाही, कुणी धडपडलेलं नाही, आणि मी आपला जीव खाऊन झेंडा हलवतोय! तिने पाहिला. शहाणी पोर, नियमाने मागे सरली. चौथी आली.

वॉकीटॉकीवर साहेब ओरडले, "सात नंबर! कोण पडलंय?"

"कुणी नाही साहेब."

"मग झेंडा कशाला?"

"...सवयीने, साहेब."

तेवढ्यात पोरगी हेल्मेट काढून तरातरा आली. "बाबा! कोण पडलं होतं?"

"पडलं नव्हतं ग. पडणार होतं."

"कोण?"

"तू."

मी तिथल्या टायरच्या ढिगावर मटकन बसलो. तिचा खांदा चाचपला, दुसरा चाचपला, दोन्ही जागेवर! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खोटं कशाला बोलू? बरं झालं तो हेडमास्तर गेला. खेळाचं वाटोळं झालं असेल तर होऊ दे! आता मी मुलीबद्दल बोलतोय.

घरी हिला फोन केला. "चौथी आली." ही म्हणते, "हात?" म्हटलं, जागेवर. "पाय?" जागेवर. "मग पुढच्या वेळीही दाखवा तो झेंडा, जरा लवकर दाखवा!"

पण पुढची वेळ कसली? साहेबांनी बावीस वर्षांचा झेंडा काढून घेतला आणि हातात शिट्टी दिली. आता मी पार्किंगला. काल पहिलाच दिवस, पोरगी गाडी घेऊन आली, माझ्यासमोर करकचून थांबली, आणि सगळ्यांसमोर हात जोडून विचारते, "काका, इथे तरी पुढे जाऊ देता का?"