सकाळी अकराचा आकडा

लेक : माझ्याकडे बघून सांगा, बाबा. मंगळवारी अकरा वाजता काय खाल्लंत?

बाबा : अकरा वाजता मी दुकानात लोकांची घड्याळं उघडून बसलेला असतो. खाऊ काय, सेकंदकाटा?

लेक : मग साखर दोनशे अडुसष्ट कशी? गुरुवारी दोनशे एक्क्याऐंशी, तीही अकरालाच. मशीनमध्ये सगळं जमा असतं, तारीख-वेळेसकट.

बाबा : आणि माझे रोजचे सकाळचे आकडे?

लेक : एकशे बारा, एकशे अठरा. तिथंच तर पाणी मुरतंय! सकाळी साळसूद आणि अकराला हे.

बाबा : चौदा वर्षं झाली मला मधुमेह होऊन. रोज पोहतो, जेवण वेळेवर, गोळी वेळेवर. आणि आता या वयात चोरून खाईन?

लेक : परवा तीन दिवस सायकलवर घाट चढायला निघालाय तुम्ही. वाटेत काही झालं तर? मी जाऊ देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

आई : जाऊ दे गं त्यांना. मशीन बिघडलं असेल.

लेक : तू त्यांना पाठीशी घालू नकोस.

बाबा : थांब जरा. मशीन तर इथंच असतं, ड्रॉवरमध्ये. अकराला मी घरी नसतोच.

लेक : म्हणजे मधेच येऊन जाता!

बाबा : शेजारच्या चष्मेवाल्याला विचार, एक वाजेपर्यंत खुर्ची सोडत नाही मी. तू कामावर. मग त्या वेळी घरात कोण असतं?

(आई पाठ फिरवून तीच कोरडी ताटली पुसत राहते.)

लेक : आई?

आई : मशीनच्या दोनच पट्ट्या वापरल्या मी.

लेक : अगं, सांगायचं नाही का!

आई : सारखी तहान लागते. कपडे सैल व्हायला लागले. म्हटलं, बघू तरी. आकडा बघितला आणि मशीन होतं तसं ठेवून दिलं. कळलं असतं तर हे गेले असते का? वर्षभर त्या घाटाचा ध्यास घेतलाय त्यांनी.

बाबा : आणि ही मला चोर ठरवत होती, तेव्हाही गप्पच?

आई : घाबरले हो. तुम्हाला जमलं सगळं. मला नाही जमायचं.

बाबा : मला तरी कुठं लगेच जमलं? महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होतो. हाताला धरून उठवायचीस तूच.

लेक : उद्या सकाळी डॉक्टर. मी रजा टाकते.

आई : आणि यांचं जाणं?

बाबा : घाट काही पळून जात नाही. आधी डॉक्टर, मग बघू.

आई : रोज टोचायचं म्हणजे... फार दुखतं हो ते.

बाबा : मधोमध टोचलंस ना? आण बोट इकडे. कडेला टोचायचं असतं.