अलपातीच्या कॉम्प्युटरमधली हवा

...आणि मला एवढंच सांगा, मोठी माणसं खाली बसलेली असताना धाकट्यानं उभं राहायचं नाही, हा नियम केला कुणी? लहानपणी वडिलांना विचारलं, टपली मिळाली. पास्टरांना विचारलं, ते नुसते हसले. लुपे आत्याला विचारलं, तिनं चप्पल उचलली. उत्तर एकानंही दिलं नाही! आम्ही सामोआ बेटावरची माणसं इथे ऑस्ट्रेलियात, लोगनला येऊन तीस वर्षं झाली, सगळ्यांचे गुडघे गेले, घरोघरी सोफे आले, पण घरात कुणी वारलं की सोफे बाहेर, चटया आत, आणि मधून जायचं तर कमरेत वाकून, माफ करा, माफ करा म्हणत... आता तुम्हीच सांगा, वाकून कॉम्प्युटर उलटा करता येतो का?

बावीस किलोचा कॉम्प्युटर, तुम्हाला सांगतो! माझा थोरला भाऊ अलपाती. दिवसभर कसाईखान्यात मांस कापायचा आणि घरी येऊन हे धूड जोडत बसायचा. ते गार ठेवायला साधा पंखा नाही चालत साहेबांना, पाणी पाहिजे! काचेतून नळ्या दिसतात, त्यांतून निळं पाणी फिरतं, खाली टाकी, वर पाणी गार करणारी जाळी. मागच्या शनिवारी त्याचा फोन आला. म्हणाला, नवीन पाणी भरलंय, वरच्या जाळीत हवा अडकलीय, उलटा धरायला दोन माणसं लागतात, येतोस का? मी म्हणालो, आज मॅच आहे, पुढच्या शनिवारी येतो. मॅच होती हो! महिनाभर आधी ठरलेली! यात माझं काय चुकलं?

मंगळवारी कामावरच त्याचं हृदय थांबलं. अठ्ठाविसावं वर्ष.

बुधवारी आई म्हणाली, उद्या चर्चमध्ये ठेवायला त्याचा एक फोटो शोधून दे. आणि फोटोच नाही! घरात सगळ्यांचे फोटो काढणारा तो, त्याचा कोण काढणार? आईकडे एक सापडला, शाळेतला, पुढचे दोन दात पडलेला. त्याचा फोन तो कामावर कोसळला तेव्हाच फुटला. उरला हा कॉम्प्युटर, फोनमधलं सगळं त्यात जमा व्हायचं. चालू केला तर गुळुगुळु, गुळुगुळु, आणि तीन मिनिटांत तापून बंद. परत चालू, परत बंद. ऑकलंडहून आलेले मामा कान लावून म्हणाले, पोट बिघडलंय याचं. लुपे आत्यानं तर प्रार्थनाच थांबवली. म्हणे, अलपाती बोलतोय. मी म्हणालो, आत्या, हवा आहे ती. म्हणाली, नववीत शाळा सोडलेल्यानं मला शिकवू नये.

गॅरेजमध्ये स्वयंपाक, अंगणात तंबू, आतल्या खोल्यांत ऑकलंडची मंडळी आडवी. जागा उरली ती बैठकीच्या खोलीत, चटयांवर बसलेल्या चौदा म्हाताऱ्यांच्या मधोमध. मी मांडी घातली, धूड मांडीवर घेतलं आणि बसल्या बसल्या तिरकं केलं. बुडबुडा जाळीतून निघतो, अर्ध्या नळीत येतो, थांबतो, माझ्याकडे बघतो आणि परत जातो! तासभर! मी तोंडातल्या तोंडात शिव्या देतोय, शेजारी भजन चाललंय, आणि तेवढ्यात टाकीचं निळं पाणी मामांनी मयताला भेट म्हणून आणलेल्या नव्याकोऱ्या चटईवर. तीन बायका दोन वर्षं विणत होत्या ती. यात माझं काय चुकलं? ...ठीक आहे. झाकण मी घट्ट लावलं नव्हतं.

आईनं सगळं बघितलं. म्हणाली, "ऊठ."

मी म्हणालो, "आई, सगळे बसलेत."

"सगळ्यांच्या डोक्यावर उभा राहणार का हा?" लुपे आत्या म्हणाली.

"राहील," आई म्हणाली. "अलपातीचं घर आहे. त्याचा भाऊ उभा राहील." आणि गुडघ्यावर हात देत ती स्वतः उठली, धुडाची दुसरी बाजू धरली. म्हणाली, "सांग, कसं करायचं?"

पंप बंद केला. दोघांनी मिळून उचललं, उलटं केलं, जाळीतली हवा टाकीत आली. सरळ केलं, झाकण उघडलं, पंप चालू, पाणी ओतलं. परत उलटं. चार वेळा. म्हाताऱ्या माना खाली घालून बसल्या होत्या, बघावं लागू नये म्हणून. चौथ्या वेळेला एक मोठा बुडबुडा वर आला, फुटला, आणि सगळं गप्प झालं. नळीतून आवाज नाही. भजनही थांबलेलं.

मग फोटो उघडले. हजारभर फोटो, आणि सगळे नळ्यांचे! नळी डावीकडून, नळी उजवीकडून, स्क्रू, परत नळी. त्याचा फक्त एक. तोही चुकून आलेला, काचेत पडलेलं प्रतिबिंब. एका हातात फोन, दुसऱ्या हातात नळीचं टोक, ते तोंडाला लावलेलं, गाल फुगलेले. पाणी पुढे ढकलायला एकटाच फुंकत होता. तारीख बघितली. शनिवार. माझ्या मॅचची वेळ.

म्हणजे तुम्हाला सांगतो... तासभर शिव्या देऊन मी जी हवा बाहेर घालवली, ती... आईला मी हे सांगितलेलं नाही. तिच्याच हातानं धरलं होतं ना. यात माझं काय...

असो. फोटो मोठा करून आणला. दुकानदार म्हणाला, नळी पुसून टाकू का? पण नळी पुसली तर गाल फुगवून माणूस काय करतोय मग? राहू दिली. गुरुवारी चर्चमध्ये एक अनोळखी आजोबा फोटोसमोर बराच वेळ थांबले. मला म्हणाले, "बँडमध्ये होता का रे तुझा भाऊ?"

मी म्हणालो, "हो आजोबा. फार छान वाजवायचा."