अण्णांच्या समाधीचं कुलूप

“नीला, माझ्यावर फरशी घालू देऊ नकोस. नुसती माती राहू दे. आणि मला आपल्या गौरीशेजारी ठेव.”

मंडळी, ऐका. हे शब्द विरूपाक्षअण्णांचे. अण्णा म्हणजे पंचायत समितीचे सभापती. अंथरुणाला खिळलेले, बायकोचा हात धरून सांगताहेत. नीलाकाकूंनी शब्द दिला. आता माझा प्रश्न एवढाच – गेलेल्या माणसाचा मान कशात असतो? त्याच्यावर काय बांधलं त्यात, की त्यानं सांगितलेलं ऐकण्यात?

घाईनं उत्तर देऊ नका. आधी गाव बघा. वस्ती बहुतेक लिंगायतांची, म्हणजे तिथं दहन नाही, माती देतात. ओढ्याकाठी रुद्रभूमी, म्हणजे माती द्यायची जागा. बाकीच्या जातींची तान्ही बाळंही तिथंच जातात. गावची रीत अशी, की मातीवर मातीच. दगड नाही, वीट नाही. पाऊस पडतो, ढीग बसतो, गवत येतं, आणि पुढं कधीतरी त्याच जागी दुसऱ्याला जागा होते. पाटील असो की सालगडी, मेल्यावर सगळे एकमेकांना सरकून जागा देतात. अण्णांची पहिली लेक गौरी, बोलायला लागायच्या आधीच गेलेली, तीही तिथंच.

अण्णा गेले. मुलगा सोमेश्वर, त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं. आणि शेजारच्या गावात विरोधी पुढाऱ्याच्या समाधीवर कारंजं उडत होतं! गावाला प्यायला टँकर, समाधीला कारंजं. हसताय? हसा. ते सुरू झालं तेव्हा टाळ्या आपल्यासारख्यांनीच वाजवल्या.

काकू मुलाला म्हणाल्या, “सोमू, तुझ्या वडिलांनी नको म्हणून सांगितलंय.”

“आई, अण्णा आता आपले राहिले नाहीत. तालुक्याचे झाले.”

“तालुक्याचे होते तेव्हाही भाकरी खायला घरीच यायचे.”

“तुला नाही कळायचं. कार्यकर्ते ऐकत नाहीत.”

बघा हं – बापाचं पोरानं ऐकलं नाही, आणि नाव कार्यकर्त्यांचं. काकू उठून आत गेल्या. सोमवारचा उपास, रोजची इष्टलिंगाची पूजा, घरात कुणाला उलट बोलायची सवय नाही.

अण्णांच्या मातीवर चौथरा झाला, घुमट झाला. भोवती हिरवळ, बाहेर गाड्या लावायला फरशी, आणि सगळ्या रुद्रभूमीला कुंपण, फाटक. ती फरशी कशावर पडली, ते विचारा. बाळांच्या जागेवर. गौरीवर! ज्या पुढाऱ्यांना जिवंत पोरांच्या अंगणवाडीला छप्पर घालता आलं नाही, त्यांनी मेलेल्या पोरांवर गाड्या उभ्या केल्या. मंडळी, मी हळू बोलते म्हणून मला राग येत नाही असं समजू नका.

आणि काकूंना या फरशीचं काही ठाऊक नाही. कारण त्या गावात बायका रुद्रभूमीत जात नाहीत. गौरीला नेलं तेव्हाही काकू उंबऱ्यातूनच बघत राहिल्या होत्या.

उद्या समाधीच्या उद्घाटनाला मंत्री येणार, म्हणून मांडव घातला. त्याच दुपारी वीटभट्टीवरचा इराण्णा फाटकापाशी आला. बायको दवाखान्यात, हातात कापडात गुंडाळलेली तान्ही लेक, गेलेली. फाटकाला कुलूप.

राखणदार म्हणाला, “आज नको बाबा. हिरवळ ओली आहे. उद्या साहेब येऊन गेले की बघू.”

“उद्यापर्यंत हिला कुठं ठेवू?”

“ते वर विचार.”

वर म्हणजे कुठं हो? मांडवात कार्यकर्ते बसले होते. कमानीवर कुणाचा फोटो मोठा, यावर वाद चालला होता. बाळाकडं एकानंही मान वळवली नाही.

इराण्णा काकूंच्या दारात आला. “काकू, किल्ली तुमच्याकडं असते म्हणाले.”

“कसली रे किल्ली?”

“रुद्रभूमीची.”

मातीला कुलूप लागतं, हे त्या बाईला तेव्हा कळलं. मग त्यांनी एकेक विचारलं. कुलूप कुणी लावलं, फरशी कुठवर गेली. इराण्णानं सांगितलं.  काकू गोठ्यात गेल्या आणि पहार घेऊन बाहेर आल्या.

सोमेश्वर आडवा आला. “आई, किल्ली माझ्याजवळ आहे. उद्या संध्याकाळी मीच उघडतो. आज तमाशा नको.”

“ठेव तुझी किल्ली. ही पहार नुसत्या कुलपासाठी नाही. फरशीही उचकटायची आहे.”

“अगं, बायका तिथं जात नाहीत.”

“आता बाळंही जात नाहीत म्हणे.”

मंडळी, त्या गल्लीत दोन्ही बाजूंची दारं उघडी होती. रीत मोडली म्हणून लोक कुजबुजत होते. बाळांवर फरशी पडली तेव्हा यातलं एक तोंड उघडलं नव्हतं. मान कशात, ते मला सांगू नका. आज घरी जाताना आपल्या गावच्या ओढ्याकाठी काय बांधलंय ते बघा, आणि त्याच्याखाली कुणाचं कोण आहे ते आठवा. मग त्या दारांत तुम्ही उभे होतात की नव्हतात, तुमचं तुम्हाला कळेल.

इराण्णा म्हणाला, “काकू, पहार जड आहे. माझ्याकडं द्या.”

“तू लेकीला नीट धर,” काकू म्हणाल्या. “हे माझं आहे.”

डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि कुणाकडं न बघता त्या ओढ्याच्या वाटेला लागल्या.