डावीकडून एकतीस

...आणि वर विचारतात काय, तर "आज किती आलं?" अहो, माणूस आजारी पडलं की विचारतात दुखतंय का, जेवलीस का, झोप लागली का... मला पाच दिवसांत एकानं, एकानंही, दुखतंय का म्हणून विचारलं नाही! डोळे उघडले की किती आलं, फोन उचलला की किती आलं, न्हाणीघरातून बाहेर पाऊल टाकलं की किती आलं! मी काय विहीर आहे? बोअर मारलीय माझ्यात?

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एक्कावन्न वर्षांच्या बाईला हे काय सुचलं. मी पिकुन. इथे उत्तर थायलंडात, पासांगच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे, आणि मी वही लिहिते, रोज, बावीस वर्षं. पाऊस किती पडला, कुणाची चोळी किती इंचांची, कुणी कंबर सांगताना किती खोटं बोललं... सगळं तारीखवार. आमच्या गावच्या नाचात आम्ही बारा बायका. बोटांना पितळेची लांब नखं लावायची, हात डोक्याच्या वर नेऊन फुलासारखे उलगडायचे, आणि मिरवणुकीच्या पुढे सावकाश चालायचं. चारचारच्या तीन ओळी. त्यातल्या पहिल्या ओळीत मी चौदा वर्षं होते. चौदा! आणि या वर्षी विहाराचा नवा मंडप बांधून झाला, मोठा सोहळा ठरला, सात गावांच्या मिरवणुका येणार, तर आमची अम्फाई... गावप्रमुखाची बायको म्हणून नाचाची म्होरकी, नाहीतर तिला डावा पाय कुठला ते आठवून टाकावा लागतो... ही अम्फाई सगळ्यांदेखत म्हणते, "पिकुन, तू तिसऱ्या ओळीत ये हं. पुढे कसं, जरा भरल्या अंगाच्या बायका बऱ्या दिसतात. फोटो निघतात ना."

भरल्या अंगाच्या! तुम्हाला सांगते, त्या अम्फाईच्या चोळीत दोन बोटं जाड स्पंज आहे, दोन्हीकडे, आणि तो कुणी शिवलाय? मी! या हातांनी! वहीत तारखेसकट आहे! पण बोलता येतं का? शिंपिणीनं गिऱ्हाइकाचं आतलं बाहेर काढलं तर दुकान बंद. आमची धाकटी बहीण सेंगला म्हणाली, "ताई, तूही घाल की स्पंज." म्हटलं, गप. मीच शिवलेलं खोटं मीच घालून मिरवू? त्यापेक्षा खरंच करून घेते!

झालं. सेंगलानं फोनवर जाहिरात दाखवली, चियांगमाईच्या एका क्लिनिकची. एक पोरगी छाती पुढे काढून चाललीय, हातात बॅग, तोंडभर हसू, खाली लिहिलंय 'पाच दिवसांत पूर्ववत'. सोहळा शनिवारी. मी सोमवारची तारीख घेतली. सोमवार ते शनिवार मोजा... पाच! हिशेब चोख. फक्त त्या जाहिरातीतल्या पोरीला नळ्या नव्हत्या.

नळ्या! शुद्धीवर येऊन बघते तो दोन्ही काखांखालून एकेक नळी बाहेर आलेली, आणि नळीच्या टोकाला प्लॅस्टिकचा पारदर्शक फुगा, सैनिकांच्या हातबॉम्बएवढा. आत साचलेलं रक्त-पाणी त्यात यायचं. त्याला म्हणे ड्रेन म्हणतात. ड्रेन! इतकी हौस करून, नवस केल्यासारखी उपाशी राहून, मी स्वतःला गटाराची लाइन जोडून घेतली होती! नर्स होती कोवळी, पापण्यांना पापण्या चिकटवलेल्या, ती गोड आवाजात म्हणते, "मावशी, सोप्पं आहे हं. गाईचं दूध काढतात ना, तशी नळीवरून बोटं ओढायची, फुगा रिकामा करायचा, पिळायचा, हवा काढायची, बूच लावायचं. चोवीस तासांत किती आलं ते लिहायचं. दोन्ही बाजूंना तिसाच्या खाली आलं की शुक्रवारी काढून टाकू." मी म्हटलं, "आणि हात वर कधी करायचे?" ती म्हणते, "नळ्या निघेपर्यंत तर नाहीच." मी लिहून घेतलं. मी सगळं लिहून घेते.

मंगळवारी घरी आले. व्हॅनमधून उतरताना उजवी नळी दाराच्या मुठीत अडकली. पुढचं तुम्हाला सांगत नाही. एवढंच सांगते, की व्हॅन थांबते विहारासमोर, आणि आयुष्यात जो शब्द उच्चारला नव्हता, तो मी विहारासमोर उच्चारला.

घरात नवरा. विचियेन त्याचं नाव, कोंबड्यांच्या झुंजी बघताना हा माणूस रक्तानं न्हायला तरी पापणी हलवत नाही, आणि माझा फुगा बघून दाराच्या चौकटीला धरून खाली बसला! तेव्हापासून दाराबाहेर उभा राहतो, डोळे मिटून, आणि तिथूनच ओरडतो, "किती आलं?" अरे, डोळे मिटून विचारतोस तर उत्तर कुठे ठेवू?

आणि सेंगला! ती सेवा करायला आली होती म्हणे. सेवा म्हणजे काय, तर मला उपाशी मारणं. अंडं नको, व्रण फुगेल. आंबवलेली मासळी नको, खाज सुटेल. आणि चिकट भात... चिकट भात नको, जखम चिघळेल! अहो, आम्ही उत्तरेकडची माणसं, आमचा जन्म चिकट भातावर! म्हटलं, मग खाऊ काय? तर पेला पुढे केला. भोपळ्याचं पाणी. सूज उतरते म्हणे. संध्याकाळी दुसरा पेला, ब्राह्मीच्या पानांचा रस, हिरवागार, तळं ढवळल्यासारखा. आणि समोर सासरे बसलेले, चौऱ्याऐंशी वर्षांचे, टोपलीतून चिकट भाताचा गोळा तोडतायत, भाजलेल्या मिरचीच्या चटणीत बुडवतायत, तळलेलं डुकराचं कातडं कुरुकुरु चावतायत... आणि तोंड भरलेलं असताना मला विचारतात, "किती आलं गं आज?"

आता सासऱ्यांना हे कुणी सांगितलं? सेंगलानं! म्हणजे तिनं त्यांना सांगितलं नव्हतं, ती फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, "ताई नोम करायला चियांगमाईला गेली होती." तुम्हाला ठाऊक आहे ना, आमच्या भाषेत नोम म्हणजे छाती, आणि नोम म्हणजे दूधही. शब्द एकच, जो जे ऐकेल ते त्याचं. म्हाताऱ्यानं ऐकलं दूध! त्यांच्या डोक्यात पक्कं, की सुनेनं शिवणकाम सोडलं आणि दुधाचा धंदा काढला. बरं, पुरावाही होता ना! मी दिवसातून तीनदा मापाचा पेला घेऊन मागच्या ओट्यावर बसायची आणि मिलीलिटर मोजायची!

"आज किती?" सासरे.

"पंच्याऐंशी," मी. मी खरं तेच सांगते. डावीकडून पंच्याऐंशी होतं, उजवीकडून पन्नास.

"लिटर?"

"मिली, आबा."

म्हातारा भाताचा गोळा खाली ठेवतो. मग मान हलवून म्हणतो, "गाय बदल."

गाय बदल! आणि त्यांची नजर कुठे, तर फुग्यावर. मी दोन्ही फुगे कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवलेले, पण पिशवी आखूड, एक डोकावतोय, आत लालसर गुलाबी पाणी. "हे असं लाल का?" मी तोंड उघडायच्या आत सेंगला म्हणते, "गुलाबी दूध आहे, आबा. सरबत घातलेलं." आणि म्हाताऱ्याचे डोळे लकाकले! "मला आवडतं गुलाबी दूध. बर्फ घालून एक पेला दे." दाराबाहेरून विचियेन पुन्हा खाली बसल्याचा आवाज आला.

बुधवारी सासरे विहारात गेले. तिथे सांगून आले, सोहळ्याला दूध आमच्या घरचं. झालं! गुरुवारी सकाळी अम्फाई हजर, हातात संत्र्यांची पिशवी, डोळे माझ्या गळ्याखाली. "ऐकलं, दूध सुरू केलंस म्हणे. म्हटलं बघून यावं... किती आलं?"

ती पण! माझ्या अंगातून काय वाहतंय त्याचा सगळ्या तालुक्याला आकडा हवा!

मी ताठ बसले. ताठ बसण्यात नळ्या ओढल्या जातात, पण मी ताठ बसले. म्हटलं, "उद्या निघतायत." अम्फाईनं माझ्याकडे पाहिलं, वरून खाली, खालून वर, आणि तिचा चेहरा... काय सांगू, स्पंजाला पाणी लागल्यासारखा जड झाला. कारण खरं आणि खोटं शेजारी बसलं होतं, तिला दिसत होतं. मग म्हणते, "बरं. पहिल्या ओळीत उजवीकडची जागा तुझी. पण शुक्रवारी संध्याकाळी सरावाला ये. नळ्या लोंबकळत आलीस तर मी भुनला घेते." भुन! जी टाळ्या वाजवताना ताल चुकते, ती भुन!

म्हणजे आता बघा कुठे येऊन अडलं. तीस मिली. चौदा वर्षांची जागा तीस मिलीवर आली. उजवी गुणाची, गुरुवारी अठ्ठावीस, शुक्रवारी पंधरा, अगदी शहाण्या मुलीसारखी. पण डावी! डावी म्हणजे हट्टी, आगाऊ! पंच्याऐंशी, मग पंचावन्न... मी गुरुवारी दिवसभर हललेसुद्धा नाही, भिंतीला टेकून देवासारखी बसले, भोपळ्याचं पाणी चार पेले प्यायले, डावीला हात जोडून म्हटलं, बाई, आवर. शुक्रवारी सकाळी फुगा रिकामा केला, पेला ओट्यावर ठेवला, डोळा पाण्याच्या रेषेशी नेला...

एकतीस.

पुन्हा बघितलं. एकतीस. चष्मा पुसून बघितलं. एकतीस! दाराबाहेरून नवरा, "किती आलं?" स्वयंपाकघरातून सासरे, "किती आलं?" सेंगला माझ्या खांद्यावरून वाकून म्हणते, "ताई, एकोणतीस लिही. कोण बघतंय?"

कोण बघतंय? मी बघतेय! तीस वर्षं टेप हातात धरतेय, साडेछत्तीसला छत्तीस कधी लिहिलं नाही, गिऱ्हाइकानं पाया पडून सांगितलं तरी नाही, आणि आता स्वतःच्या... लेखणी हातात धरून बसले. दोन मिली म्हणजे काय हो, चाळीस थेंब! चाळीस थेंबांसाठी मी भुनच्या मागे उभी राहू? लिहायला गेले एकोणतीस, आणि हातानं लिहिलं एकतीस. मग जी रडले... आणि मेली रडताना छाती इतकी दुखली, की रडणंही अर्धं ठेवावं लागलं!

चियांगमाईपर्यंत व्हॅनमध्ये मी डॉक्टरला काय सांगायचं ते पाठ करत होते. डॉक्टर, ही एकतीस आहे, पण उजवी पंधरा आहे, सरासरी काढली तर तेवीस होते, वही बघा, सकाळ-दुपार-संध्याकाळ वेगवेगळं लिहिलंय, रंगसुद्धा लिहिलाय... डॉक्टर आत आला. एका हातात फोन. माझ्याकडे नाही, वहीकडे नाही, सरळ नळीकडे. "हं. काढून टाका." चिमटा, कात्री, सुर्र... दहा सेकंद! मी वही पुढे धरून उभी. "डॉक्टर, डावीकडून एकतीस..." तो म्हणतो, "काय एकतीस?"

काय एकतीस! अख्ख्या पासांगला आकडा पाठ आहे, माझ्या चौऱ्याऐंशीच्या सासऱ्याला पाठ आहे, आणि ज्याच्यासाठी मोजला त्यानं विचारलंच नाही!

पण जाऊ दे, निघाल्या ना? मी म्हटलं, हुश्श, आणि खुर्चीतून उठताना सहज म्हटलं, "मग उद्या नाचते." डॉक्टरनं तेव्हा पहिल्यांदा फोन खाली ठेवला. "नाचता? हात वर करून?" म्हटलं हो, डोक्याच्या वर. तो म्हणतो, "सहा आठवडे खांद्याच्या वर हात नाही. टाके उसवतील, आतलं सरकेल." मी वही उघडली, म्हटलं तुमच्या पापण्यावालीनं सांगितलंय, हे बघा लिहिलंय, 'नळ्या निघेपर्यंत नाही.' पापण्यावाली लांबून गोड आवाजात म्हणते, "मावशी, मी म्हटलं होतं, नळ्या निघेपर्यंत *तर* नाहीच."

तर! बावीस वर्षांत एक शब्द गाळला मी. एक! आणि तोही सगळ्यात फुकटचा!

संध्याकाळी सरावाला गेले. नळ्या नव्हत्या, पाठ ताठ, नवी चोळी, शिवणीतून दोन इंच सैल केलेली, आणि ती बसली होती... अहो, काय बसली होती! बायका बघतच राहिल्या. भुनची नखं हातातून गळाली. मी अम्फाईला बाजूला घेऊन सांगितलं, हात वर करता येणार नाहीत. वाटलं, आता हसेल. हसली नाही. उलट इतकी प्रेमळ झाली, की मी आपोआप एक पाऊल मागे सरले. "अगं मग काय झालं? नाच नको. तू सगळ्यांच्या पुढे चाल. माझ्याही पुढे! गावाचा फलक तू घे. हातानं धरू नकोस, जोर पडेल. मी रिबिनीनं गळ्यात अडकवते."

आणि तुम्हाला सांगते, शब्दाची पक्की निघाली बाई. शनिवारी सात गावांच्या मिरवणुका, ढोल, झांजा, हजारभर माणसं, आणि आमच्या गावाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे मी एकटी. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत फलक. फोटो तर इतके निघाले... प्रत्येक फोटोत वर माझं डोकं, खाली दोन पाय, आणि मध्ये गावाचं नाव. सोनेरी अक्षरात. फारच ठसठशीत आलंय हो, नाव.